जुन्या पॉप गाण्यांची बैठक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी पुण्यात, सदाशिव पेठेतल्या एका जुन्या घराच्या माडीवर आम्ही पंधरा-वीस जण जमतो. प्रत्येक जण आपल्या आवडीचे एक जुने पॉप गाणे घेऊन येतो आणि जमल्यास त्या काळातली एखादी गमतीची वस्तूही आणतो. नव्याने येऊ इच्छिणाऱ्यांचे प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून त्यांची उत्तरे एकदा नीट लिहून काढली आहेत.

बैठकीत नेमके काय होते?

ज्याची पाळी असेल तो आपले गाणे लावतो आणि बाकीचे ते पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत न बोलता ऐकतात. गाणे संपल्यावर आणणारा माणूस ते आपल्याकडे कसे आले हे सांगतो. ज्यांना त्या गाण्याबद्दल काही ठाऊक असेल ते भर घालतात आणि मग पुढची पाळी येते. मध्ये चहा होतो. चहाच्या वेळी आणलेल्या वस्तू खिडकीजवळच्या लांब टेबलावर मांडल्या जातात आणि हात पुसून त्या पाहता येतात.

पॉप म्हणजे कोणते गाणे धरायचे?

जे ऐकण्यासाठी कोणतीही तयारी लागली नाही, जे रिक्षात, पानाच्या टपरीवर, गणपतीच्या मांडवात किंवा शेजारच्या खिडकीतून आपोआप कानावर पडले आणि कानातून गेले नाही, ते आमच्या लेखी पॉप. ते चित्रपटातले आहे की स्वतंत्र अल्बममधले, यावर आम्ही अडून बसत नाही. तरीही एक मान्य केले पाहिजे: चित्रपटाचा आधार न घेता गायकाच्या नावावर खपणारी जी गाणी नव्वदच्या दशकात आली, ज्यांना आपण इंडिपॉप म्हणू लागलो, त्यांचा या बैठकीत सर्वांत मोठा वाटा असतो, कारण आमच्यापैकी बरेच जण त्या वर्षांत शाळा-कॉलेजात होते.

या गाण्यांचा वंशवेल पाहण्यासारखा आहे आणि तो कॅसेटच्या डबीतल्या कागदावर बारीक अक्षरांत छापलेला असे. बंगळुरूत जन्मलेले आणि इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले संगीतकार बिड्डू यांचे नाव घ्या. १९७४ साली कार्ल डग्लस यांच्या ज्या डिस्को गाण्याने इंग्लंड-अमेरिकेत पहिला क्रमांक गाठला, त्याचे निर्माते बिड्डू. १९८० साली ‘कुर्बानी’ चित्रपटासाठी नाझिया हसन या जेमतेम पंधरा वर्षांच्या पाकिस्तानी मुलीकडून ‘आप जैसा कोई’ गाऊन घेणारेही बिड्डू. पुढच्याच वर्षी नाझिया आणि तिचा भाऊ झोहेब यांचा ‘डिस्को दीवाने’ हा अल्बम आला आणि चित्रपटाशिवायही गाणी घराघरांत पोहोचतात हे दिसून आले. आणि १९९५ साली अलिशा चिनॉय यांच्या ज्या ‘मेड इन इंडिया’ने इंडिपॉपला खऱ्या अर्थाने बाजार मिळवून दिला, त्याचे संगीतही बिड्डू यांचेच. ही साखळी आम्हाला कोणी शिकवली नाही. एका बैठकीत तीन वेगवेगळ्या माणसांनी तीन वेगवेगळी गाणी आणली होती आणि तिन्ही कागदांवर एकच नाव निघाले. तेव्हापासून गाण्याबरोबर त्याचा कागद आणावा, असा आमचा आग्रह असतो.

जुने म्हणजे किती जुने?

२००५ पर्यंतचे. त्यानंतर गाणी हळूहळू वस्तूच्या रूपात घरात येणे थांबले आणि आमच्या टेबलावर मांडण्यासारखे फारसे काही उरले नाही, एवढेच त्याचे कारण आहे.

मराठीत पॉप असे काही खरोखर होते का?

हा प्रश्न दर बैठकीत कोणीतरी विचारतो आणि दर वेळी मला तो थोडा लागतो, म्हणून याचे उत्तर सविस्तर देत आहे.

होते, आणि भरपूर होते. आपण ते चुकीच्या जागी शोधतो. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली. कॅसेट काढायला स्टुडिओचा आणि कारखान्याचा जो खर्च येई तो तबकडीच्या मानाने पुष्कळ कमी होता, त्यामुळे ज्यांच्या आवाजाला तबकडीवर सहसा जागा मिळाली नसती असे अनेक गायक घराघरांत पोहोचले. आनंद शिंदे यांचे पोपटाचे गाणे ज्यांनी लग्नाच्या वरातीत, एसटी स्टँडवर किंवा रसवंतिगृहात ऐकले नाही, असा त्या पिढीतला मराठी माणूस सापडणे कठीण आहे. लोकगीते, कोळीगीते, लग्नातली हळदीची गाणी आणि भीमगीते यांच्या कॅसेटी वर्षानुवर्षे खपत राहिल्या, आणि खपणे, पाठ होणे, त्यावर नाचणे हीच जर पॉपची खूण असेल तर मराठी पॉप हेच. पेठेतल्या काही घरांत ही गाणी मोठ्याने लावायला संकोच वाटे, हेही खरे आहे. आमच्या माडीवर तो संकोच बाळगण्याचे कारण नाही.

कोळीगीतांचेच उदाहरण घ्या. ‘मी डोलकर’ हे लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांनी गायलेले, हृदयनाथ मंगेशकरांच्या संगीतातले गाणे आजही शाळेच्या स्नेहसंमेलनात हमखास असते. त्याचे शब्द शांता शेळके यांचे आहेत. शांताबाईंचा जन्म १९२२ साली पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरचा. डोलकराची ऐट त्यांनी ज्या सहजतेने शब्दांत आणली ती पाहिली की ‘हलके गाणे’ लिहायला किती जड अभ्यास लागतो, हे कळते.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ‘गारवा’ आले. सौमित्र म्हणजे किशोर कदम यांच्या कविता आणि मिलिंद इंगळे यांचा आवाज यांनी कॉलेजातल्या एका संपूर्ण पिढीचा पावसाळा व्यापला. २००३ पासून संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांच्या कार्यक्रमांना जी तरुण गर्दी लोटू लागली, ती नाट्यगृहात शेवटच्या ओळीपर्यंत बरोबर गात असे. याला पॉप म्हणायचे की भावगीत, यावर आमच्यात दोन तट आहेत आणि ते मिटण्याची शक्यता दिसत नाही.

मालिकांची शीर्षकगीते हा तर मराठी पॉपचा सर्वांत दुर्लक्षित खजिना आहे. ‘आभाळमाया’चे शीर्षकगीत मंगेश कुलकर्णी यांनी लिहिलेले, अशोक पत्की यांनी स्वरबद्ध केलेले आणि देवकी पंडित यांनी गायलेले. ते संध्याकाळी सुरू झाले की चाळीतल्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाताना एकही ओळ चुकत नसे, कारण प्रत्येक घरात तेच लागलेले असे. दीड-दोन मिनिटांचे गाणे आहे म्हणून ते आणायला संकोचू नये.

भावगीत, नाट्यगीत किंवा गीतरामायणातले गीत चालेल का?

पुण्यात हा प्रश्न येणारच. १९५५ च्या रामनवमीपासून आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांची छप्पन्न गीते वर्षभर प्रसारित झाली. आठवड्याच्या त्या ठरलेल्या वेळी लोक हातातली कामे टाकून रेडिओभोवती बसत, आणि लोकप्रियता हाच निकष लावला तर पुण्यात याहून लोकप्रिय काही झाले नसेल. परंतु त्या गीतांसाठी या शहरात पुष्कळ मंच आहेत आणि अलिशा चिनॉय यांच्यासाठी फारसे नाहीत. तेव्हा कृपया ती गीते तिकडे ऐकावीत.

इंग्रजी गाणी आणता येतील का?

अवश्य. लष्कर भागात, ईस्ट स्ट्रीट आणि महात्मा गांधी रस्त्याच्या आसपास वाढलेल्या मंडळींकडे पेठेतल्या लोकांनी कधी न पाहिलेल्या तबकड्या असतात. अ‍ॅबा हा स्वीडनचा चमू १९७४ साली युरोव्हिजन स्पर्धा जिंकून जगापुढे आला आणि बोनी एम. हा जर्मनीत जमवलेला चमू त्यानंतर दोन-तीन वर्षांत. या दोघांच्या कॅसेटी आपल्याकडे अशा घरांतही होत्या जिथे इंग्रजी बोलणारे कोणी नव्हते. शब्द न कळता गाणे पाठ होणे ही त्या गाण्यांची मोठी देणगी आहे. आणताना एक लक्षात घ्यावे की बोनी एम.मधला पडद्यावर नाचणारा पुरुष आणि ध्वनिमुद्रणातला पुरुषी आवाज ही दोन वेगळी माणसे आहेत. आवाज त्यांचे निर्माते फ्रँक फॅरियन यांचा आहे. गाणाऱ्याचे नाव सांगताना हे बरोबर सांगावे.

एकच गाणे का? मला तीन आवडतात.

आम्हालाही तीस आवडतात. परंतु एकच निवडायचे म्हटले की माणूस घरी बसून खरा विचार करतो, आणि ऐकायला जे येते ते त्या विचारातून गाळून आलेले असते. पुढच्या महिन्यात दुसरे आणावे.

गाण्याबरोबर काय सांगावे?

दोन गोष्टी. पहिली, ते कोणी केले: गायक, संगीतकार, शब्द लिहिणारा आणि साल. हलक्याफुलक्या गाण्याच्या बाबतीत लोक ही माहिती अंदाजे सांगून वेळ निभावतात. ज्यांनी ते गाणे केले त्यांनी ते अंदाजे केलेले नव्हते, म्हणून आपणही ते अंदाजे सांगू नये. माहिती मिळाली नाही तर तसे सांगावे, कोणीतरी पुढच्या वेळेपर्यंत शोधून काढतो.

दुसरी गोष्ट, ते आपण पहिल्यांदा कुठे ऐकले. ‘लहानपणी ऐकले’ एवढे पुरत नाही. कोणाच्या घरी, कोणत्या यंत्रावर, दुपारी की रात्री, त्या वेळी हातात काय होते, हे आठवेल तितके सांगावे. अनेकांना वाटते की यात इतरांना काय रस असणार. अनुभव उलट आहे.

माझेच उदाहरण देते. आमच्याकडे दूरदर्शनवर ‘छायागीत’ लागले की मी आमचा पॅनासॉनिकचा टेपरेकॉर्डर टीव्हीच्या जाळीसमोर स्टुलावर ठेवून गाणी भरून घेत असे. घरातल्या सर्वांना त्या वेळात बोलायला बंदी होती आणि ती मोठी माणसेही पाळत. नाझिया हसनचे गाणे मी असेच भरले. त्याच्या दुसऱ्या कडव्यात कुकरच्या दोन शिट्ट्या होतात आणि लगेच आईचा दबलेला आवाज येतो: ‘दूध बघ गं.’ पाठोपाठ स्टुलाचा पाय घासल्याचा आवाज आहे, तो मी उठल्याचा. पुढे मी त्या गाण्याची विकत मिळणारी कॅसेट घेतली, नंतर सीडी घेतली, आणि आजही ते कुठे लागले की दुसऱ्या कडव्यात माझा कान शिट्टीची वाट पाहतो. आई जाऊन आता अकरा वर्षे झाली. तिचा आवाज ध्वनिमुद्रित झालेला तेवढाच आहे, तीन शब्द. मी ही कॅसेट बैठकीत लावली तेव्हा समोर बसलेल्या एका काकांनी सांगितले की त्यांच्या घरच्या कॅसेटमध्ये त्यांचे वडील मालिकेच्या शीर्षकगीतावर खोकतात, आणि ते पुढच्या महिन्यात ती घेऊन आले.

माझी आवड इतरांना फालतू वाटली तर?

येथे कोणी तसे म्हणत नाही आणि कोणी म्हटलेच तर त्याला थांबवले जाते. हा आमचा एकमेव कडक नियम आहे. त्याची दुसरी बाजूही आहे: आणणाऱ्याने आधीच ‘गाणे तसे टुकार आहे, पण…’ अशी प्रस्तावना करू नये. आवडते म्हणून आणले आहे, तर ते आवडते असे सांगून लावावे.

‘गमतीची वस्तू’ म्हणजे काय?

त्या काळाच्या लोकप्रिय करमणुकीशी जोडलेले काहीही: कॅसेटच्या डबीतले कागद, चित्रपटाच्या मध्यंतरात विकत मिळणारी गाण्यांची चार पानी पुस्तिका, नटनट्यांची चित्रे असलेली वहीची कव्हरे, स्टिकर, च्युइंगगममधून मिळणारी कार्डे, तिकिटांचे अर्धे तुकडे. १ नोव्हेंबर १९९६ रोजी मुंबईत अंधेरीला मायकेल जॅक्सनचा कार्यक्रम झाला. त्याला पुण्याहून गेलेल्या एका सदस्याने आपले तिकीट इतकी वर्षे शाळेच्या दाखल्याबरोबर एकाच पाकिटात ठेवले होते. ते पाकीट त्यांनी टेबलावर उघडले तेव्हा दाखल्याकडे कोणीही पाहिले नाही.

वस्तू नसेल तर शोधलेली गोष्टही चालते. जुन्या चित्रफितींमध्ये पुढे प्रसिद्ध झालेले चेहरे ओळखणे हा आमचा आवडता उद्योग आहे. ‘मेड इन इंडिया’मधले मिलिंद सोमण सर्वांना आठवतात, परंतु आर्यन्स या चमूच्या गाण्यात चित्रपटात येण्यापूर्वीचे शाहिद कपूर आहेत आणि युफोरिया या चमूच्या एका गाण्यात ‘परिणीता’पूर्वीच्या विद्या बालन आहेत, हे लक्षात येते तेव्हा माडीवर अक्षरशः आरडाओरडा होतो.

चुकीचे ऐकलेले शब्द हीही शोधलेली गोष्टच आहे. नाझिया हसनच्या त्या गाण्यातली ‘बात बन जाए’ ही ओळ देशभरातल्या लहान मुलांनी ‘बाप बन जाए’ अशी ऐकली आणि पाहुण्यांसमोर मोठ्याने म्हटली. आमच्याकडे अशा शब्दांची एक वही आहे. आपल्या घरातला असा शब्द असल्यास तो तारीख आणि म्हणणाऱ्याचे तेव्हाचे वय यांसह तिच्यात लिहावा.

जाहिरातींच्या आणि सार्वजनिक संदेशांच्या गाण्यांनाही मानाची जागा आहे. १५ ऑगस्ट १९८८ रोजी पहिल्यांदा दाखवलेले ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ ज्या आवाजाने सुरू होते तो आपल्या पुण्याच्या पंडित भीमसेन जोशींचा. त्याचे शब्द पीयूष पांडे यांचे आणि चाल अशोक पत्की यांची, म्हणजे वर उल्लेख केलेल्या मालिकागीताच्याच संगीतकाराची. एकाच माणसाने देशाला एक गाणे दिले आणि मराठी चाळीला दुसरे, आणि आपण दोन्ही गुणगुणताना त्यांचे नाव घेत नाही, हे मला बरे वाटत नाही.

अशा वस्तू पुण्यात मिळतात कुठे?

रविवारी आणि बुधवारी भरणारा जुना बाजार हे पहिले ठिकाण. सकाळी लवकर जावे, कापडावर ओतलेल्या किल्ल्या, चार्जर आणि नळाच्या तोट्या यांच्या ढिगात कॅसेटी असतात, आणि डबी उघडून आत तीच कॅसेट आहे ना हे पाहून घ्यावे. दुसरे ठिकाण म्हणजे आपल्याच घराचा पोटमाळा. कर्वे रस्त्यावरच्या अलूरकर म्युझिक हाऊससारख्या दुकानांतून त्या काळी घेतलेल्या कॅसेटी अनेक घरांत पिशवीसकट पडून आहेत. माळा आवरताना त्या रद्दीत देण्यापूर्वी कृपया आम्हाला दाखवाव्यात.

मी आणलेल्या गाण्याची चाल उचललेली आहे असे कोणी म्हटले तर?

तर दोन्ही गाणी एकापाठोपाठ लावून ऐकली जातात. १९७७ सालच्या ‘हम किसी से कम नहीं’मधले ‘मिल गया हमको साथी’ आणि अ‍ॅबाचे ‘मम्मा मिया’ एकत्र ऐकले की कोणाला काही सांगावे लागत नाही. परंतु बोनी एम.चे ‘रस्पुतिन’ ऐकल्यावर ‘कातिबिम’ हे तुर्की लोकगीत लावले की तिथेही तेच होते, आणि मग पूर्वेने पश्चिमेकडून घेतले एवढेच म्हणून भागत नाही. चाल कुठून आली हे जरूर सांगावे. मात्र ज्याला ते गाणे प्रथम राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यमेळात भेटले त्याचे प्रेम त्यामुळे खोटे ठरत नाही, आणि बर्मन यांनी त्यात जे घातले तेही ऐकण्यासारखे आहे.

कॅसेट आणणार आहे. काय काळजी घ्यावी?

पहिली काळजी बुरशीची. पुण्याच्या पावसाळ्यात बंद कपाटातल्या कॅसेटला बुरशी येते. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून फितीच्या गुंडाळीच्या कडेवर पांढरे ठिपके किंवा भुकटी दिसली तर ती वाजवू नये, कारण ती बुरशी यंत्राच्या हेडला लागते आणि त्यानंतर वाजणाऱ्या प्रत्येक कॅसेटवर पसरते. अशी कॅसेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून वेगळी आणावी. आमच्यातले एक निवृत्त रेडिओ-मेकॅनिक ती उघडून साफ करतात.

दुसरी काळजी फीत गुंतण्याची. वर्षानुवर्षे पडून राहिलेली कॅसेट वाजवण्यापूर्वी एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळून घ्यावी, म्हणजे फितीचे चिकटलेले वेढे सुटतात. फीत रुंदीला चार मिलिमीटरही नसते आणि सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या वेगाने धावते. एका बाजूला ४५ मिनिटे मावणाऱ्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटची फीत साठ मिनिटांच्या कॅसेटहून पातळ असते आणि अधिक लवकर गुंतते. आतला फेल्टचा छोटा तुकडा निघाला असेल तर आवाज दबका येतो, तो नव्याने चिकटवता येतो. मागच्या कडेवरच्या दोन छोट्या पट्ट्या तोडलेल्या नसतील तर त्या घरीच तोडाव्यात, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तरी गाणे पुसले जात नाही. हे मी कळकळीने सांगते आहे, कारण एका दुकानात आमची लग्नाची कॅसेट सीडीवर घ्यायला दिली होती आणि ती अर्धी कोरी होऊन परत आली.

गाणे सुरू होण्याआधीच्या शांततेत पुढच्या ओळीची अगदी पुसट सावली ऐकू आली तर यंत्र बिघडले असे समजू नये. फितीचे वेढे वर्षानुवर्षे एकमेकांवर दाबून राहिले की एका वेढ्यातले चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर उमटते आणि आवाज स्वतःच्या एक वेढा आधी ऐकू येतो. जुन्या कॅसेटींत मला हा क्षण फार आवडतो.

तबकडी वाजवण्याची सोय आहे का?

३३⅓ आणि ४५ फेऱ्यांच्या तबकड्यांची आहे. लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीला वेगळी सुई लागते, त्यामुळे ती आणणार असल्यास आदल्या आठवड्यात कळवावे.

मोबाइलवरून गाणे लावले तर चालेल का?

चालेल. सर्वांनी वस्तू जपून ठेवलेल्या नसतात आणि त्यात कोणाचा दोष नाही.

ऐकलेल्या गाण्यांच्या प्रती मिळतील का?

नाही. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो, म्हणजे १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणाची मुदत २०२४ च्या अखेरीस संपली. आमची बहुतेक गाणी त्यानंतरची आहेत. शिवाय शब्द आणि चाल यांवरचा हक्क त्या त्या निर्मात्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे असतो, त्यामुळे जुने ध्वनिमुद्रण मोकळे झाले तरी गाणे मोकळे होतेच असे नाही. गाणे आवडले तर ते कुठे विकत मिळते हे आम्ही सांगतो. स्वतःच्या कॅसेटवर घरच्यांचे आवाज असतील तर त्या भागाची प्रत त्या कुटुंबाला करून देण्यात मात्र आम्हाला आनंद वाटतो.

मुलांना आणता येईल का?

आणावे. कॅसेटची बाजू बदलायला त्यांच्यात चढाओढ लागते.

वेळ आणि आवाजाचे काय?

साडेपाचला सुरुवात होते आणि साडेआठला शेवटचे गाणे लागते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. त्याहीपेक्षा महत्त्वाचे म्हणजे खाली राहणाऱ्या आजी आठ वाजता जेवतात आणि त्यांना डिस्को आवडत नाही, म्हणून आठनंतर संथ गाणी लावतो.

मला गाण्याचा एकच तुकडा आठवतो. शोधायला मदत कराल का?

हे आम्हाला सर्वांत आवडणारे काम आहे. आवाज बाईचा होता की पुरुषाचा, गाणे रेडिओवर ऐकले की टीव्हीवर पाहिले, आपण तेव्हा कितवीत होता, सुरुवातीला कोणते वाद्य होते, एखादे दृश्य आठवते का, अशा प्रश्नांची उत्तरे लिहून आणावीत. एका ताईंना फक्त पिरॅमिडजवळ गाणारा एक माणूस आठवत होता, ना भाषा आठवत होती ना चाल. समोरच्या तिघांनी एकदम लकी अली यांचे नाव घेतले. ते १९९६ मधले ‘ओ सनम’ निघाले आणि ताईंनी ते त्या संध्याकाळी दोनदा ऐकले.

एक शोध मात्र अजून लागलेला नाही. जुन्या बाजारात घेतलेल्या एका साठ मिनिटांच्या कॅसेटच्या कागदावर जांभळ्या शाईने, वळणदार बायकी अक्षरात बारा गाण्यांची यादी आहे. अकरा गाणी ओळखू आली. सहाव्या क्रमांकापुढे केवळ ‘पावसातले, तिचे’ एवढेच लिहिले आहे, आणि फितीवर त्या जागी चाळीस सेकंदांचा तुकडा आहे: आधी माऊथ ऑर्गन, मग शब्दांशिवाय गुणगुणणारा एका मुलीचा आवाज, आणि मागे पन्हळीतून पाणी पडत असल्यासारखा आवाज. ते कोणत्या अल्बममधले आहे की कोणाच्या घरातच भरलेले आहे, हे आम्हाला ठरवता आलेले नाही. ही कॅसेट दर बैठकीला टेबलावर असते. ओळखू आल्यास कृपया सांगावे.